डेल्फ्टच्या अंगणातला बाक



हॉलंडला जाऊन आलेला माणूस ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्या आणि चीज यांच्या गोष्टी सांगतो. मी तीन आठवडे तिथल्या डेल्फ्ट गावी भाचीकडे राहून आलो, आणि मला सांगायचं आहे ते जुन्या लाकडाबद्दल. आमच्या घरात सुतारकाम दोन पिढ्यांचं. वडील मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपात सुतार होते. मी इथे अश्दोदला येऊन फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. त्यामुळे कुठल्याही गावी गेलो की माझी नजर आधी दारं, खिडक्या आणि बाकांवर जाते. बायको म्हणते, "तुम्ही माणसांचे चेहरे विसराल, पण त्यांच्या दाराची चौकट विसरणार नाही."

डेल्फ्ट हे हेग आणि रॉटरडॅम या दोन मोठ्या शहरांच्या मधलं, लाखभर वस्तीचं गाव. २०१५ पासून तिथलं रेल्वे स्टेशन जमिनीखाली आहे. गाडीतून उतरून वर आलात की छताकडे जरूर पाहा. निळ्या-पांढऱ्या रंगात १८७७ सालचा गावाचा नकाशा त्या छतावर पसरलेला आहे. बाहेर पडलं की कालवे सुरू होतात. कालव्याच्या दोन्ही काठांना विटांची उंच अरुंद घरं, मधून मधून छोटे पूल, आणि सायकली तर मोजू नका. औदे डेल्फ्ट नावाच्या कालव्याकाठी जुनं चर्च आहे. खालची जमीन मऊ, म्हणून त्याचा मनोरा सुमारे दोन मीटर कललेला आहे. याच चर्चमध्ये गावचे दोन थोर पुरुष पुरलेले आहेत. एक चित्रकार योहानेस व्हर्मेअर, दुसरा सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणारा अंतोनी व्हान लेव्हेनहुक. दोघेही १६३२ साली याच गावात जन्मले. लेव्हेनहुकला लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे काम आहे.

कोर्नमार्क्ट नावाच्या कालव्यावर १८६२ साली बांधलेलं सिनेगॉग आहे. भाची मला पहिल्याच दिवशी तिथे घेऊन गेली. तिने एक गोष्ट सांगितली, ती मुलांसाठी इथे लिहितो. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर केलं. तेव्हा डेल्फ्टच्या तंत्रशाळेतल्या फ्रान्स व्हान हासेल्ट नावाच्या विद्यार्थ्याने २३ तारखेला त्याविरुद्ध उघड भाषण केलं आणि मागोमाग विद्यार्थ्यांनी संप केला. व्हान हासेल्टला पुढे पकडलं, आणि १९४२ साली तो बूखेनवाल्डच्या छावणीत मेला. तो स्वतः ज्यू नव्हता. मुलांनो, हे नाव विसरू नका.

तिथून आम्ही व्लामिंगस्त्राट या रस्त्यावर गेलो. व्हर्मेअरचं एक प्रसिद्ध छोटं चित्र आहे, विटांचं घर आणि दारात शिवण घेऊन बसलेली बाई. मूळ चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझिअममध्ये आहे. ते नेमकं कुठल्या घराचं, यावर खूप वाद झाले. २०१५ साली फ्रान्स ग्राइझेनहाउट या प्राध्यापकांनी जुन्या कराच्या वह्या तपासून सांगितलं की ती जागा व्लामिंगस्त्राटवर होती आणि तिथे व्हर्मेअरची सावत्र आत्या राहात होती. आता तिथे दुसरी घरं आहेत. पण चित्र आठवून पाहा. खिडक्यांना हिरवी लाकडी झडपं आहेत आणि एक झडप लाल आहे. सगळ्या झडपांना जाड, अपारदर्शक रंग. आजही गावात फिरताना जुन्या घरांना तशीच गडद झडपं दिसतात. नुसतं पॉलिश केलेलं, आतलं लाकूड दाखवणारं झडप मला कुठे दिसलं नाही. असं का, हे मला पुढे भाचीच्या अंगणात नीट समजलं.

हॉलंडात पाऊस फार, असं आपण ऐकतो. खरं तर आमच्या अलिबागला चार महिन्यांत जेवढा पडतो त्याच्या निम्माही तिथे वर्षभरात पडत नाही. पण अलिबागला पावसाळा संपला की आठ महिने कोरडे. दारं-खिडक्या, पडवीचे खांब, उलटी घालून ठेवलेली होडी, सगळं वाळून खडखडीत होतं. डेल्फ्टला आज शिंतोडे, उद्या धुकं, परवा परत सर. लाकडाला वाळायला सवडच मिळत नाही. बुरशीला तेच हवं असतं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी त्यात बरेच दिवस राहिलं की बुरशी घर करते आणि लाकूड आतून भुसभुशीत होतं. भिजून लगेच वाळलेलं लाकूड मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

मुलांना एक कोडं घालतो. ॲम्स्टरडॅमचा राजवाडा सतराव्या शतकात चिखलात ठोकलेल्या १३,६५९ लाकडी खांबांवर उभा केला. ते खांब एवढी वर्षं पाण्यात असून कुजले का नाहीत? कारण पाण्याच्या खाली हवा नाही, आणि बुरशीला पाण्याबरोबर हवाही लागते. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायची चाल होती, तीही याच हिशोबाने. संपूर्ण पाण्यातलं लाकूड टिकतं, संपूर्ण कोरडं लाकूडही टिकतं. मरतं ते मधलं, अर्धं ओलं अर्धं सुकं. अंगणातला बाक नेमका या मधल्या जागी असतो.

आता तो बाक. मुंबईत इमारतीला बांबूची परांची बांधतात. हॉलंडात परांची लोखंडी नळ्यांची, पण गवंडी ज्यावर उभे राहतात त्या फळ्या लाकडाच्या. साधारण वीस सेंटिमीटर रुंद, तीन सेंटिमीटर जाड, आणि टोक फाटू नये म्हणून टोकाला पत्र्याची पट्टी. काही वर्षं वापरल्यावर त्या फळीवर माणसाचं वजन टाकणं सुरक्षित राहात नाही. मग ती परांचीवरून बाद होते. पण बसायच्या बाकाला ती उत्तम. तिथे या लाकडाला नावच आहे, स्टायगरहाउट, म्हणजे परांचीचं लाकूड. अर्ध्या हॉलंडच्या अंगणात त्याची टेबलं, बाकं, फुलांच्या पेट्या दिसतात. भाचीच्या नवऱ्याने अशा सहा फळ्या वसंत ऋतूतच आणून छपराखाली रचून ठेवल्या होत्या. मी पोचल्यावर म्हणाला, "मामा, तुमचीच वाट पाहात होतो." मी म्हटलं, "पाहुणचार चांगला आहे!" आणि बाह्या वर केल्या.

त्याच्या शेजारच्याने रेल्वेचे जुने स्लीपरही फुकट देऊ केले होते. भारी, मजबूत, पन्नास वर्षं टिकलेले. ते त्याने घेतले नाहीत, आणि माझ्या मते हाच या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. जुनं लाकूड घेताना पहिला प्रश्न असा विचारावा: हे आधी कुठे होतं? स्लीपर आणि विजेचे खांब क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात. ऊन लागलं की ते तेल वर येतं, कपड्यांना आणि कातडीला लागतं, आणि त्याने कर्करोग होऊ शकतो. बागेत, खेळाच्या मैदानात ते वापरायला युरोपात मनाई आहे. हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड आर्सेनिक म्हणजे सोमल घातलेलं असू शकतं. युरोपात २००४ पासून घरगुती कामाला ते बंद झालं, पण आधीचं अजून जागोजागी उभं आहे. असं लाकूड कापू नये, आणि शेकोटीत तर मुळीच घालू नये. मालाच्या लाकडी पॅलेटवर शिक्का असतो. त्यावर एचटी असेल तर ते नुसत्या उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं. एमबी असेल तर विषारी वायू वापरलेला असतो, ते सोडून द्यावं.

जुना रंग असलेली फळी आणखी फसवी. सफेद रंगात पूर्वी शिसं असे. शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगरच्या मडक्यांवर ठेवायच्या आणि सगळं घोड्याच्या लिदीत गाडायचं, की महिन्या-दोन महिन्यांत शिशाचा पांढरा रंग तयार. या रीतीला जगभर डच पद्धत म्हणतात. व्हर्मेअरच्या चित्रांतला पांढरा उजेड या शिशाचाच आहे. चित्र भिंतीवर असतं तोवर काही बिघडत नाही. पण तोच रंग फळीवरून कोरडा घासला की धूळ उडते, आणि लहान मुलाच्या मेंदूला ती कायमची इजा करते. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाखात नव्वद भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली. म्हणजे मुंबईच्या जुन्या वाड्याचा, चाळीचा रंगवलेला सागवान दरवाजा कोणी हौसेने आणला, तर त्यात शिसं आहे असंच धरून चालावं. तो घरी कोरडा घासू नये, जाणकाराकडे द्यावा. भाचीचा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि हाताला लागेल ते दाताने चावून पाहतो. म्हणून आमच्या फळ्या बिनरंगाच्या होत्या याचं मला समाधान वाटलं.

काम सुरू झालं. आधी खिळे पक्कडीने उपटले. मग मुलाच्या हातात लोहचुंबक देऊन त्याला प्रत्येक फळीवरून फिरवायला सांगितलं. आत मोडलेला खिळा असेल तर चुंबक अडतो. त्याने असे तीन खिळे शोधले आणि दिवसभर ते खिशात घेऊन फिरला. नंतर सिमेंटचे शिंतोडे खरवडले, ब्रशाने घासून फळ्या धुतल्या आणि परत छपराखाली रचल्या. रचताना दोन फळ्यांमध्ये आडव्या पातळ पट्ट्या ठेवल्या, म्हणजे हवा खेळते. नुसती फळीवर फळी ठेवली तर मधलं पाणी तिथेच राहतं.

भाचीच्या नवऱ्याकडे दोन टाचण्यांचं छोटं यंत्र आहे, ते लाकडात टोचलं की ओल किती ते सांगतं. १८ टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही, असा त्याचा नियम. आम्ही दहा दिवस थांबलो. तेवढ्यात मी गाव पाहून घेतलं. वडिलांकडे असलं यंत्र नव्हतं. ते फळी गालाला लावायचे आणि गार लागली तर म्हणायचे, "अजून ओली आहे." यंत्र आणि गाल यांचं मत बहुतेक जुळतं, मी पडताळून पाहिलं.

फळ्या वाळल्यावर पॉलिश पेपर. उन्हापावसात राहिलेलं लाकूड राखाडी होतं, कारण ऊन त्याच्या धाग्यांना धरून ठेवणारा चिकट भाग खाऊन टाकतं. तो राखाडी थर काढला नाही तर रंग त्या मेलेल्या थराला धरतो आणि त्याच्यासकट गळून पडतो. आधी ८० नंबरचा कागद, मग १२०. त्याहून गुळगुळीत करू नये. रंगाला पकड हवी. फळीच्या धारदार कडा मात्र मी रंध्याने गोल करून घेतल्या. तीक्ष्ण कडेवर रंग टिकत नाही, पातळ होऊन सरकतो, आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

याच वेळी मुलाने विचारलं, "मामाआजोबा, लाकडाला तहान लागते का?" मी फळीचं कापलेलं टोक पाण्याच्या थेंबावर धरलं. थेंब शोषला गेला. फळीच्या पाठीवर टाकलेला थेंब तसाच मण्यासारखा बसून राहिला. इथे आपला लेव्हेनहुक येतो. कापडाचा व्यापार करणाऱ्या या डेल्फ्टकराने स्वतः भिंगं घासली, लाकडाचे पातळ काप काढले आणि त्यातल्या बारीक नळ्या पाहून त्यांची वर्णनं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांतून कळवली. झाड या नळ्यांनी मुळांचं पाणी पानांपर्यंत नेतं. झाड तोडलं, फळी झाली, तरी नळ्या राहतातच. फळीचं टोक म्हणजे त्या हजारो नळ्यांची उघडी तोंडं. म्हणून टोकांना रंगाचे हात जास्त लागतात. आम्ही टोकांना चार हात दिले, बाकीला तीन. मुलाने टोकं रंगवायचं काम आनंदाने केलं, कारण त्याच्या मते तो लाकडाची तहान भागवत होता.

रंग आम्ही जवसाच्या तेलाचा वापरला, हिरवा. यावर थोडं सांगायलाच हवं. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण आपले पूर्वज घाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. एका सकाळी आम्ही डेल्फ्टहून रेल्वेने ॲम्स्टरडॅमच्या पुढे झान्से स्खान्स इथे गेलो. तिथे नदीकाठी पवनचक्क्या आहेत. एकीचं नाव दे कात, म्हणजे मांजर. ती वाऱ्यावर रंगाची पूड दळते. दुसऱ्या काही तेलाच्या. दगडाची दोन प्रचंड चाकं जवस चिरडतात, मग तो चुरा गरम करून पिशव्यांत भरतात आणि वाऱ्याच्या जोरावर पडणाऱ्या लाकडी ठोकळ्याने पाचरी ठोकून तेल काढतात. उरलेली पेंड गुरांना. बैलाऐवजी वारा, एवढाच काय तो फरक. त्या तेलाच्या वासात उभा राहून मला पणजोबांच्या घाण्याच्या ऐकलेल्या गोष्टी आठवल्या.

पण खोबरेल किंवा तिळाचं तेल रंगाला का नाही चालत? ते वाळत नाही, चिकट राहतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, कातड्यासारखं. ते लाकडात मुरतं आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतं. जाड प्लास्टिकसारखा रंग झाकणासारखा बसतो. पहिली दोन वर्षं दिसतो छान. मग एक चीर पडते, पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि रंगाच्या आड लाकूड कुजत राहतं. आपल्याला पत्ता लागतो तेव्हा बोट आत जातं.

हात पातळ द्यावा. जाड दिला तर वरची साय वाळते, खालचं ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात. एका हातानंतर दुसरा द्यायला दिवस-दोन दिवस थांबावं. भर उन्हात रंगवू नये, आणि संध्याकाळी दव पडायच्या आधी काम थांबवावं. फळीची खालची बाजूही रंगवावी, कोणी पाहात नसलं तरी. बसायच्या फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवावी, पाय जमिनीत पुरू नयेत, दगडावर टेकवावेत. आणि एक धोक्याची गोष्ट. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर तापत तापत आपोआप पेट घेतात. काम झालं की त्या पसरून बाहेर वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात. हे मी मुलासमोर दोनदा सांगितलं, तुमच्या घरातल्या मुलांनाही सांगा.

आता आपल्या इथली गोष्ट. इस्राएलमध्ये आपला शत्रू पाऊस कमी आणि ऊन जास्त. मिर्पेसेतमधल्या खुर्चीला लोक पारदर्शक वार्निश मारतात. ऊन त्यातून आरपार जातं, खालचा लाकडाचा थर मारतं, आणि एक-दोन उन्हाळ्यांत वार्निश पापुद्र्यांनी सुटतं. डेल्फ्टच्या झडपांचा गडद रंग इथेही उपयोगी आहे. रंगातली पूड उन्हाला अडवते, लाकडाला छत्रीसारखी.

शेवटी सुक्क्याच्या फळ्या. आपल्यापैकी कित्येकांकडे त्याच फळ्या वर्षानुवर्षं भिंतींना वापरल्या जातात. भिंतींना जुन्या फळ्या चालतात. छपराला फांद्या आणि झावळ्याच. सण संपायला आणि पहिला पाऊस यायला इथे बहुधा एकच गाठ पडते. मग घाईघाईत फळ्या तशाच ओल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मख्सानमध्ये जातात, आणि पुढच्या तिश्री महिन्यात उघडल्यावर काळे डाग आणि वास. तेव्हा माझी विनंती अशी. दोन दिवस भिंतीला टेकवून वाळू द्या. मग मध्ये पट्ट्या घालून, जमिनीपासून वीतभर उंच रचा. वर झाकण चालेल, बाजू उघड्या ठेवा. टोकांना दर दोन-तीन वर्षांनी तेलाच्या रंगाचा हात द्या. मुलांना हाताशी घ्या, चुंबकाचं काम त्यांना फार आवडतं.

आमचा बाक तिसऱ्या आठवड्यात पुरा झाला. फोनवर भाचीने सांगितलं की परवाच्या पावसात पाणी फटींतून खाली गेलं आणि दुपारी बाक कोरडा होता. डेल्फ्टला दुपारी कोरडा बाक म्हणजे मोठीच गोष्ट!

सर्वांना शालोम.